डब्यातला चुरा

आमच्या शेजारचे बाबुराव गेल्या महिन्यात खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांची जुनी मोटारसायकल मी घेतली. तिच्या बाजूच्या डब्यात मूठभर चुरा पडलेला. विकताना माणसाने डबा तरी झटकावा की नाही!

पहिल्याच सकाळी धडधडत, थरथरत मी कशीबशी कारखान्याच्या भिंतीपाशी पोचले, तर चार कुत्री थेट माझ्याकडे धावत सुटली. मला ट्रॅफिकपेक्षा कुत्र्यांची भीती जास्त. घाबरून ब्रेक दाबला, गाडी बंद पडली आणि मी डोळेच मिटले.

कुणी चावलं नाही, भुंकलंही नाही. डोळे उघडले तर चौघंही शेपट्या हलवत ओळीने बसलेली. माझ्याकडे एकही बघत नव्हतं. सगळ्यांची नजर डब्यावर. सकाळच्या त्या गोंगाटात, शेकडो गाड्यांमधून, त्यांनी हिचा आवाज लांबून ओळखला होता.

मी डबा उघडून चुरा हुंगला. बिस्किटांचा होता.

वळून पाहिलं, तर समोरच्या टपरीवाल्याने मला काही न विचारता दोन पुडे काढून ठेवले होते.