एका दमाचं तास

नांगऱ्याची धाकटी शब्दकोशाच्या कचेरीत लागली, तेव्हा भावकीने नाकं मुरडली होती. "शब्द पेरून काय उगवणार?" बाबांनी मात्र कुणालाच भीक घातली नाही.

एके दिवशी तिच्याकडे 'फर्लांग', म्हणजे मैलाचा आठवा भाग, हा शब्द आला. मूळ इंग्रज शेतकऱ्यांचा. त्यांच्या जुन्या भाषेत 'फुर्ह' म्हणजे नांगराचं तास आणि 'लांग' म्हणजे लांब. तिने तसं टिपण केलं. शेजारच्या टेबलावर चार भाषा कोळून प्यायलेला सहकारी बसे. सगळे त्याला पंडितच म्हणत. तो हसला.

"तास साठ मिनिटांचा असतो. लांब कसा असेल?"

"तो घड्याळातला. हे नांगराने मातीत पाडलेलं."

"असेल. पण एवढंच लांब का? कारण सांगता येत नसेल, तर टिपण गाळू."

धाकटीला ते झोंबलं. संध्याकाळी तिने बाबांना विचारलं आणि ऐकलेलं उत्तर मनात घोळवत दुसऱ्या दिवशी त्यांनाच कचेरीत घेऊन गेली.

बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. पंडिताने प्रश्न केला तसे उठले, नांगर धरल्यासारखी मूठ आवळून लांबलचक टेबलाच्या कडेने चालू लागले. टोकाला जाऊन वळले, तर दोन खुर्च्या आडव्या!

"बघा, वळायला किती जागा लागते! वेळही जातो. म्हणून तास होईल तेवढं लांब ठेवायचं. पण बैल धापा टाकायला लागले की थांबायचं. त्यांच्या दमापुढे मालकाचीही मात्रा चालत नाही."

संपादकबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "नेमका आकडा मागाहून ठरला," त्या म्हणाल्या, "पण कारण हेच." त्यांनी टिपणात लिहिलं आणि वाचून दाखवलं: "बैलांनी एका दमात ओढलेल्या तासाची लांबी."

बाबांनी मान हलवली. "बाई, 'बैलांनी' नको. 'बैलजोडीने' लिहा. एकाने ओढलं आणि दुसऱ्याने अंग चोरलं, तर तास वाकडं जातं."

पंडितानेच आपलं लाल पेन बाईंच्या हातात दिलं आणि वाटेतल्या त्या दोन खुर्च्या बाजूला घ्यायला वाकला.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. त्याने काही विचारलंही नव्हतं, तरी धाकटी म्हणाली, "हे माझे बाबा."