फळीवर न कोरलेले आकडे

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे. दळणारी नव्हे, पाणी उपसणारी. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या टेकड्यांत, सिल्वेरांच्या कुरणात मी उभी आहे. ऑर्विल सिल्वेराच्या वडिलांनी मला सुटी सुटी आणून इथल्या विहिरीवर जोडलं. अठरा पाती, एक शेपूट आणि विहिरीत उतरणारा दांडा, एवढाच माझा संसार. वारा आला की मी फिरायची, हौदात पाणी पडायचं आणि गाई रांगेने यायच्या. तरुणपणी माझं फार कौतुक झालं, ते मी विसरलेले नाही.

माझ्या पायाशी रेडवुड लाकडाची एक फळी ठोकलेली होती. दर वसंतात वासरांना मालकीचा डाग द्यायला शेजारीपाजारी जमत. काम आटोपलं की निखाऱ्यावर मांस भाजायचं; पण त्याआधी ऑर्विलचे वडील खडू फासलेली मापाची पोलादी फीत विहिरीत सोडत. पाणी जितक्या फुटांवर लागे, तो आकडा सगळ्यांदेखत फळीवर कोरला जाई. एकतीस. चौतीस. एकोणतीस. साल कुणी लिहीत नसे, नुसता आकडा.

पहिल्या दुष्काळात फीत एक्क्याऐंशी फुटांवर ओली झाली.

"असला आकडा नाही कोरायचा," ऑर्विलचे वडील म्हणाले. "चारचौघांत घरची लाज कशाला? पाऊस येऊ दे, मग कोरू."

तेव्हापासून तीच रीत पडली, आणि वडिलांमागे ऑर्विलनेही ती पाळली. वाईट वर्षी फीत गुंडाळायची आणि मुकाट्याने जेवायला बसायचं. पुढे वाईट वर्षंच जास्त येऊ लागली. माझा पंप पाण्याबरोबर हवा ओढू लागला. मी कुरकुरले की ऑर्विल म्हणायचा, "हिला वंगण हवंय." वंगणाने कधी विहिरीत पाणी येतं का? पण मला विचारतो कोण.

मग एका सकाळी कुंपणापलीकडे मोजणीच्या खुंट्या दिसल्या, त्यांना नारिंगी फिती बांधलेल्या. वाऱ्यावर त्या दिवसभर फडफडत राहायच्या, आणि मला ते बघवत नसे. या टेकड्यांवर चार हजार घरं बांधू द्यायची की नाही, यावर अख्खा जिल्हा मत देणार होता. इथली राहती घरं चाळीस, आणि मतं शहरातल्या लाखभर माणसांची.

ऑर्विलची मुलगी मार्ला इरेला पेटली. तिने कुंपणाकुंपणावर 'नको' लिहिलेल्या पाट्या लावल्या, शहरात दारोदार फिरली. ऑर्विलला वाटलं, आपणही काही करावं. त्याने माझ्या पायाशी असलेली फळी उखडली आणि शाळेच्या सभागृहातल्या सभेला नेली. तिथे काय झालं ते मला मार्लाच्या तोंडून कळलं. म्हाताऱ्याने फळी डोक्यावर धरून सांगितलं, "ही विहीर कधी आटली नाही. अशी जमीन घरांखाली गाडणार तुम्ही?" टाळ्या पडल्या. बांधणाऱ्या कंपनीचा माणूस, किप, अदबीने पुढे आला.

"काका, एक फोटो घेऊ?"

ऑर्विलने टोपी काढली आणि फळी सरळ धरली.

आठवड्याभराने मतपत्रिका टपालाने घरोघर पोचल्या, आणि त्यांच्यासोबत कंपनीचं पत्रक. त्यावर आमची फळी होती. 'पाणी तीस फुटांवर, नव्या घरांनाही पुरेल. शेतकऱ्यांनीच लिहून ठेवलंय.'

शेजारीण हॅटी पत्रक घेऊन कुरणात आली. "ऑर्विल, तू त्यांचा प्रचार फुकटात केलास की रे."

मार्ला माझ्या शिडीला टेकून उभी होती. "बाबा, कोरड्या वर्षांचे आकडे कुठायत?"

"कोरले नाहीत."

"का?"

"तुझ्या आजोबांना आवडत नसे," ऑर्विल म्हणाला. "आणि मलाही." मला त्याची फार दया आली, आणि रागही आला.

प्रस्ताव थोडक्या मतांनी मंजूर झाला. आता कुंपणापलीकडे नव्या घरांच्या विहिरीसाठी खोदाईचं यंत्र आलंय. माझी विहीर खोदली त्याच्या पाचपट खोल ते जाणार आहे म्हणे. दिवसभर जमीन थरथरते आणि माझा दांडा आपोआप वाजतो.

काल मार्लाने फळी परत आणली. बापलेकीने मिळून विहिरीत फीत सोडली. ना शेजारी होते, ना निखारे. फीत एकशे बारा फुटांवर ओली झाली, माझ्या दांड्याच्या टोकाच्याही खाली. मार्लाने फळी धरली आणि ऑर्विलने छिन्नीने तो आकडा कोरला. शेवटचा दोन वाकडा आलाय. या वेळी त्याने बाजूला सालही कोरलं.

मित्रांनो, म्हाताऱ्या चक्क्या शेवटी वंगण मागतात. मी मागणार नाही. तुमच्याकडे विहीर असेल तर तिच्यात फीत सोडा, आणि ज्या वर्षी बघवणार नाही त्या वर्षीचा आकडा आधी लिहा.

आज वारा चांगला आहे. सकाळपासून मी फिरते आहे. गाई हौदाशी येऊन उभ्या आहेत आणि नळातून नुसती हवा येते आहे.