टाचण्या तोंडात नव्हत्या

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. माझ्या गंजावर जाऊ नका. कोटाचं जाड कापडसुद्धा मी एका दमात कापत असे. लोहाराने मला घडवलं खरं, पण कामाचं वळण लावलं ते मास्तरांनी. हे शिंपी मास्तर मला कुणाला हात लावू देत नसत. "कागद कापाल हिने तर खबरदार, धार जाते!" असं घरादाराला दरडावत. माझी कडी त्यांच्या उजव्या अंगठ्यानेच झिजली आहे.

मास्तरांना एक खोड होती. तोंडात कायम टाचण्या! त्यामुळे निम्मं बोलणं ओठांतच राहायचं. त्यांची बायको म्हणायची, "आधी टाचण्या काढा, मग काय भांडायचं ते भांडा."

एका दुपारी बाही कापता कापता त्यांची पकड सुटली आणि मी दाणकन फरशीवर पडले. ते काहीतरी पुटपुटले. शिलाईवरून मान वर न करता बायको हसली, "झालं यांचं टाचणीपुराण सुरू!"

लेकीने मात्र वर पाहिलं. टाचण्या सगळ्या मेजावरच्या छोट्या उशीत खोचलेल्या होत्या.

"बाबा, हसून दाखवा बरं." ओठांची एकच बाजू हलली. "दोन्ही हात वर करा." उजवा हात खाली आला.

"अगं, थकलेत ते. जरा पडू दे, चहा टाकते."

"आई, चहा नको, पाणीही देऊ नकोस, घशात अडकेल! पक्षाघात वाटतोय मला. त्रास कधी सुरू झाला ते लक्षात ठेव, डॉक्टर विचारतील." बोलता बोलताच तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

वेळेत पोचले म्हणून मास्तर वाचले. हात मात्र लुळा पडला. मी खिळ्याला टांगलेली. ते दुकानात येत, माझ्याकडे बघत आणि तोंड फिरवून घेत. काय सांगू, त्या अंगठ्यासाठी माझा जीव नुसता तुटायचा!

व्यायाम शिकवणाऱ्या ताई यायच्या, तर मास्तर चिडायचे, "न...नाही जमत." मग ताईंनीच त्यांना अशाच आजारातून उठलेल्या लोकांच्या बैठकीला नेलं. तिथे एक बसचालक म्हणाला, "मास्तर, मीही भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. चला, रडायचं तर सगळे मिळून रडू, पण व्यायाम चुकवायचा नाही." त्या दिवशी मास्तर हसले. थोडं वाकडं, पण हसले. बायकोलाही तिथे मन मोकळं करायला माणसं मिळाली.

काल त्यांनी मला स्वतः खाली काढलं. थरथरता अंगठा कडीत घातला. कापड पेलेना, म्हणून लेकीने समोर वर्तमानपत्र धरलं. हो, कागदच! मास्तरांनी बोटभर कापला, वाकडातिकडा. धार गेली तर जाऊ दे, मला माझा अंगठा भेटला.

मित्रांनो, कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर "बघू थोड्या वेळाने" म्हणू नका, लगेच दवाखाना गाठा. वाट बघायला मी आहे की खिळ्यावर.