महाराजांपुढं वाकणारी तुळस

नांदूरघाटात दर गुरुवारी सकाळपासून मोहनरावांच्या कापसाच्या गोदामापुढं रांग लागायची. गोदामाला एकही खिडकी नव्हती, तरी आत तुळशीची आणि अश्वगंधेची रोपं तरारून वाढत होती. एवढ्यावरच भागलं असतं तर ठीक, पण ती रोपं नमस्कार करायची! ट्रेमधली झाडून सगळी रोपं गोदामात मुक्कामाला आलेल्या हरितनाथ महाराजांच्या गादीकडं वाकलेली. मागच्या महिन्यात महाराजांनी गादी समोरच्या भिंतीला हलवली, आणि आठ दिवसांत रोपंही तिकडं वळली. यापुढं काय बोलणार? गावानं हात जोडले.

"ज्या पाल्यानं माझ्यापुढं मान तुकवली, त्याच्यापुढं तुमची साखर काय चीज हाय?" रोग्यांना पाला वाटताना महाराज डोळे मिटून सांगत. "साखर वाकंल, बीपी वाकंल, मुतखडा तर लोटांगण घालील! फकस्त सुई-गोळी बंद. टोचलेल्या अंगात हरितशक्ती शिरत न्हाई."

लोटांगण घालणारा मुतखडा डोळ्यांपुढं आला आणि सुरेखाला हसू फुटलं. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासूबाईंच्या, म्हणजे विमलबाईंच्या हट्टापायी ती रांगेत उभी होती. तिनं आत नजर फिरवली. छताला लाल दिवे, आणि महाराजांच्या डोक्यामागं निळी झगझगीत प्रभावळ. लोक तिला तेज म्हणत. त्या तेजाची वायर गादीखालून गेलेली सुरेखाला स्वच्छ दिसली. रोपं नक्की कुणापुढं वाकली होती, महाराजांपुढं की निळ्या दिव्यापुढं? प्रश्न ओठांवर आला. पण महाराजांशेजारी मोहनराव बसले होते, आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तेच. तिनं प्रश्न गिळला.

"आत्याबाई, पाला खा हवा तर, पण इन्सुलिन सोडू नका," तिनं घरी बजावलं.

"न्हाई सोडत, बाई," विमलबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सुई न घेताच 'घेतली' म्हणून सांगू लागल्या.

इकडं सुरेखानं अडगळीच्या खोलीत तुळशीची रोपं मांडली. वर लाल बल्ब, बाजूला निळा. निळ्या बल्बखाली मांडायला गादी नव्हती, म्हणून न्हाणीतलं टमरेल ठेवलं. चौथ्या दिवशी रोपं टमरेलापुढं अदबीनं वाकली! बल्ब आणि टमरेल दुसऱ्या बाजूला नेलं, तर तिकडं वळली. आता हे मोहनरावांच्या कानावर घालायचं कसं, या विचारातच ती राहिली.

नवव्या दिवशी विमलबाईंना उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत त्या हाकेला ओ देईनात. केजला दवाखान्यात नेलं तेव्हा साखर पाचशेच्या वर होती. "संध्याकाळ केली असती तर हाती लागल्या नसत्या," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सुरेखा ट्रे आणि टमरेल घेऊन थेट गोदामात शिरली.

"मोहनराव, ही रोपं माझ्या घरी या टमरेलाला नमस्कार घालत होती. टमरेलाची गादी कुठं मांडू?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पापी बाई!" महाराज कडाडले. "देवाची परीक्षा घेती?"

"देवाची नाही, बल्बची. तुमची प्रभावळ दाराजवळ चपलांच्या फळीवर लावा. गादी आहे तिथंच राहू द्या. चार दिवस गोदामाला कुलूप, किल्ली मोहनरावांकडं. रोपं कुणापुढं वाकतात ते सगळे मिळून बघू."

मोहनराव लालबुंद झाले. "होऊन जाऊ द्या! पण मॅडम, हरलात तर शाळेत पाय ठेवायचा न्हाई."

"कबूल."

तिसऱ्याच दिवशी महाराजांना हिमालयातून बोलावणं आलं. ते इतकं तातडीचं होतं, की पहाटेच्या एसटीनं निघताना त्यांची पिशवी मागं राहिली. तीत पुण्याकडच्या कुठल्याशा रोपवाटिकेचं ओळखपत्र निघालं. त्यावर महाराजांचा दाढी नसलेला फोटो, आणि नाव पप्पू.

चौथ्या दिवशी कुलूप उघडलं. सगळी रोपं गादीकडं पाठ करून चपलांच्या फळीपुढं वाकली होती. फळीवर कुणाची तरी तुटकी चप्पल नमस्कार घेत पडली होती. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोहनरावांना मान कुठं वळवावी कळेना.

"रोप निळ्या उजेडाकडं वळतं, लाल उजेडाकडं वळत नाही," सुरेखानं सांगितलं. "शहरात बंद खोल्यांत औषधी रोपं अशीच लाल-निळ्या दिव्यांवर वाढवतात. पप्पू तिथंच हे शिकला."

दवाखान्यातून घरी आलेल्या विमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला हे पहिल्याच दिवशी कळलं हुतं?"

"शंका आली होती."

"मग तिथंच का बोलली न्हाईस?"



दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेला मोहनराव खुर्चीवर होते. त्यांच्या देखतच ती मुलांना म्हणाली, "मी नऊ दिवस गप्प बसले, आणि माझी सासू मरता मरता वाचली. तुम्ही गप्प बसू नका. मला विचारा, डॉक्टरला विचारा, महाराजाला तर सगळ्यांच्या आधी विचारा. आणि जो विचारू देत नाही, त्याच्या हातचं पानसुद्धा खाऊ नका."