जुनं काढून नवं टाकताना

“जुनं काढतो हं,” असं म्हणत शिक्केकाकांनी पहिल्या फोनमधलं ॲप काढून टाकलं आणि नवं टाकायला घेतलं.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात सेविका फोन घेऊन उभ्या होत्या. कोणाच्या हाताला साबण, कोणाच्या खांद्यावर टॉवेल. काका टेबलापाशी बसले होते आणि वर बघायचं टाळत होते.

काकांचं काम काय, तर कंपनीतल्या पोरांनी लिहिलेलं ॲप नीट बांधायचं, त्यावर कंपनीची डिजिटल सही करायची आणि क्लायंटला पाठवायचं. ही सही एका छोट्याशा फाइलमधून होते; सगळे तिला ‘की’ म्हणतात. जुन्या ॲपवर नवं बसवायचं तर सही तीच लागते, नाहीतर फोन दारातच अडवतो. म्हणून पोरांनी त्यांचं नाव शिक्केकाका पाडलं होतं, आणि काकांना ते आवडायचं, खोटं कशाला बोला! घरी बायकोला ऐकवायचे, “माझ्या सहीशिवाय तिथं पान हलत नाही.” बायको म्हणायची, “बरं, इथली आमटी तरी हलवा, खाली लागतेय.”

आणि ह्याच काकांनी जुना लॅपटॉप परत करताना स्वतःच्या हातानं पुसून कोरा केला. कीची प्रत पेनड्राइव्हवर आहे याची पक्की खात्री होती. नवं ॲप बांधायची वेळ आली, पेनड्राइव्ह उघडला, तर आत भलत्याच ॲपची की. इतक्या वर्षांत एकदा उघडून बघायचं सुचलं नाही या शहाण्याला!

कंपनीच्या मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “की हरवली हे क्लायंटला कळता कामा नये. नवीन आवृत्ती आहे, जुनी काढावी लागते, एवढंच सांगायचं. आणि तुम्ही स्वतः जा.” काकांनी मान खाली घालून “हो” म्हटलं. पोरं आपापल्या स्क्रीनमध्ये बघत राहिली. त्यांना ऐकू गेलं नव्हतं असं काही नाही.

“दादा, आतलं सगळं राहील ना?” पुढची सेविका विचारत होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, फोन तिनं दोन्ही हातांत धरला होता. “आवाज वगैरे?”

काकांचा हात थबकला. सेविकांनी ॲपमध्ये आजी-आजोबांबद्दल लिहिलेल्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जात, पण बोलून केलेल्या नोंदी फोनमध्येच राहत. ॲप काढलं की त्या गेल्या. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ‘जातील’ म्हटलं की ‘का?’ येणार, आणि ‘का’चं उत्तर द्यायला तोंड कुठं होतं? शिवाय आवाज असून असून कसले असणार? आजोबांनी दोन घास खाल्ले, आजींना झोप लागली.

“काही जात नाही हो ताई,” ते म्हणाले.

तिनं विश्वासानं फोन दिला. काकांनी जुनं काढलं, नवं टाकलं, फोन परत केला. ती तिथंच उभी राहून बोटानं वर-खाली करत राहिली.

“दादा, सातव्या खोलीतल्या आजी दिसत नाहीत.”

“म्हणजे?”

“परवा गेल्या हो त्या. मुलासाठी माझ्या फोनवर बोलून ठेवलं होतं त्यांनी. तो जहाजावर असतो, पोचला नाही वेळेत. उद्या येतोय ऐकायला. मी सांगितलंय त्याला, आईनं तुझ्यासाठी ठेवलंय म्हणून.”

काकांनी उगाच फोन हातात घेतला, उगाच दोन-चार ठिकाणी दाबलं.

“मीच काहीतरी भलतं दाबलं असणार,” ती म्हणाली. “माझं मेलं हे असंच. तुम्ही तरी काय करणार? रागावू नका हं, मागे बायका खोळंबल्यात.”

सुटले होते काका. नुसतं गप्प बसलं तरी भागत होतं. पण ती बाई त्यांचीच माफी मागत होती, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की बसवेना. ते उठून उभे राहिले.

“तुम्ही काही केलं नाही, ताई. मी केलं. आमची की हरवली, माझ्याच हातून. म्हणून जुनं काढावं लागतंय. आवाज जाणार हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं.”

तिनं त्यांच्या हातातून फोन परत घेतला.

“परत नाही आणता येणार?”

“नाही.”

“आधी सांगितलं असतंत तर?”

“तर आधी बाहेर काढून ठेवता आलं असतं.”

“खूप वेळ लागला असता का?”

काकांना वाटलं, हो म्हणावं. निदान एवढं तरी.

“नाही,” ते म्हणाले. “दोन मिनिटं.”

तिनं मान हलवली. आतल्या खोलीतून कोणीतरी पाणी मागत होतं. “आले हं आजोबा,” म्हणत तिनं डोळे खांद्यावरच्या टॉवेलला पुसले आणि ती आत गेली.

काकांनी पुढच्या फोनसाठी हात पुढे केला. ती सेविका त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं आपला फोन एप्रनच्या खिशात घातला. तिच्या मागचीनंही घातला.