डबा न येण्याचे दिवस

आगाशांच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या डब्यांचं आदल्या संध्याकाळीच ठरत असे. सासूबाई भाजी निवडायला बसत. क्षमा कामावरून आली की हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसे. अनंत वर्तमानपत्राआडून आपली नापसंती कळवत राही.

"दुधी नको."

"दुधी नको, पडवळ नको, पालेभाजी काळी पडते. मग तुझ्या बँकेच्या पावत्या परतून देऊ का?" सासूबाई म्हणत.

क्षमाला हा वेळ आवडे. आमटी पातळ असली की झाकणातून झिरपते, म्हणून डब्यात उसळ. मटकी आज भिजत घातली तर परवा मोड येणार. भेंडी सकाळीच चिरायची, रात्री चिरलेली तार सोडते. एकाचा डबा फोर्टात जायचा आणि एकीचा घाटकोपरला, पण आत अन्न एकच असे, वाढणीही सारखी. सासूबाई त्या बाबतीत सरळ होत्या. सकाळी काशीराम डबेवाला दोन्ही पितळी डबे घेऊन जाई आणि त्याच्या मागोमाग नवराबायको मुलुंड स्टेशनची वाट धरत.

महिन्यातले तीन दिवस मात्र एकच डबा जाई.

त्या दिवसांत क्षमा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसे. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, चटई वेगळी. कामावर जायला सासूबाईंची हरकत नव्हती. घराबाहेर सून कुणाला शिवते ते त्यांना दिसत नव्हतं. पण तिचा हात लागलेला डबा संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात परत येणार, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं. म्हणून कागदात दोन केळी आणि दाण्याचा लाडू. लग्नाला दोन वर्षं झाली तरी क्षमाने यावर वाद घातला नव्हता. नोकरी करू देतात, तर तीन दिवसांची अर्धपोटी दुपार तिला परवडत होती.

घाटकोपरला आग्रा रोडवर औषधांचा कारखाना होता. त्याच्या प्रयोगशाळेत ती गोळ्यांची तपासणी करी. चार जणांत ती एकटी बाई, आणि सबनीस साहेबांच्या खालोखाल सर्वांत जुनी. पावसाळ्यानंतर इंजेक्शनांच्या तपासणीचा नवा विभाग सुरू व्हायचा होता. तो कुणाकडे द्यायचा, ते नाव शनिवारी मालकांकडे जाणार होतं. ते नाव आपलंच असेल याबद्दल क्षमाला शंका नव्हती, कारण दुसरं कुणाचं असण्याजोगं कारण तिला दिसत नव्हतं.

गुरुवारी डबा नव्हता. तिने केळी खाल्ली, लाडू खाल्ला आणि चष्मा टेबलावर राहिला म्हणून जेवणाची सुट्टी संपण्याआधीच परत आत आली.

तिच्या टेबलाशी नंदकिशोर उभा होता. वर्षापूर्वी बी.एस्सी. होऊन आलेला मुलगा. त्याच्यासमोर तिने सकाळी तपासलेल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली होती. तो ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब आयोडीन सोडत होता आणि चंबूतला द्राव निळा व्हायची वाट पाहत होता.

"काय करतोयस रे?"

तो दचकला. आयोडीन जास्त पडलं, चंबू गडद निळा झाला.

"काही नाही, आगाशेबाई."

"हे मी सकाळी केलंय."

"हो."

"मग?"

"साहेबांनी सांगितलंय. पुन्हा करून बघायला."

"माझंच?"

"हो."

"रोज?"

त्याने चंबू खाली ठेवला. कान लाल झाले होते. "रोज नाही, बाई. तुमचा डबा येत नाही त्या दिवशी."

क्षमाला आधी नीट कळलं नाही. मग सगळंच कळलं. बाहेरच्या बाकावर रोज चार डबे येत. तीन आले की हे सगळे बघत होते. बघून समजत होते. समजून तिच्या मागे तिचं काम तपासत होते.

"फरक किती आला? इतक्या वेळा केलंस ना, मग सांग."

"फरक नाही येत," नंदकिशोर म्हणाला. "एकदा जरासा आला होता. तेव्हा माझंच चुकलं होतं."

सबनीस साहेब वाईट माणूस नव्हते. ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं, पंखा मोठा केला.

"मिसेस आगाशे, रागावू नका. मी घरसंसारवाला माणूस आहे. त्या दिवसांत बायकांचं लक्ष थाऱ्यावर नसतं, हे मी घरी बघतो. तुम्हाला बोलणं बरं दिसलं नसतं."

"फरक आला नाही, सर."

"आला नाही. पण येऊ शकला असता."

"मागच्या महिन्यात नंदकिशोर अंगात ताप असताना काम करत होता. त्याचं कुणी तपासलं?"

"ती गोष्ट वेगळी. ताप हा आजार आहे."

क्षमाने तो वाद तिथेच सोडला.

"आणि नवा विभाग?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "इंजेक्शन थेट रक्तात जातं. तिथे धोका पत्करता येत नाही. शनिवारी मी नंदकिशोरचं नाव देतोय. तुम्ही त्याला शिकवाल ना?"

संध्याकाळी ती घरी आली. अनंत आल्यावर तिने त्याला गॅलरीत बोलावून सगळं सांगितलं. तो कठड्यावर बोटं वाजवत ऐकत होता.

"डबा आला नाही की लोक ओळखतात. तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, असतंच ते. आमच्याकडे वैशंपायनचा डबा आला नाही की आम्हीच म्हणतो, आज कावळा शिवला वाटतं." तो हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "गंमत म्हणून."

"त्याच्या बायकोची गंमत."

"तिला कुठे ऐकू जातं?"

"मला गेलं ना आज!" ती म्हणाली. "आईंना सांगा. उद्या माझा डबा गेला पाहिजे."

"मी? मी काय सांगू तिला? या वयात तिचं सोवळं मोडू? एका दिवसाचा तर प्रश्न आहे, क्षमा. परवापासून जाईलच."

तिने स्वतःच सांगितलं, चटईवर बसून, उंबऱ्याच्या अलीकडून. सासूबाई पलीकडे वाल सोलत होत्या. ऐकताना त्यांचा चेहरा तांबडा झाला.

"मेल्यांना आयाबहिणी नाहीत का? दुसऱ्याच्या सुनेचे दिवस मोजतात?"

"म्हणूनच म्हणते, डबा पाठवा."

"ते निर्लज्ज आहेत म्हणून मी माझं सोडू?"

"त्या डब्यामुळे नव्या विभागातलं माझं नाव गेलं, आई."

"डब्यामुळे नाही, त्यांच्या मनामुळे गेलं. त्यांना सांग जाऊन."

"मग रिकामा पाठवा. नुसता. बाकावर दिसला म्हणजे झालं."

"रिकामं भांडं कामाला निघालेल्या माणसाबरोबर धाडायचं? अपशकुन तो."

वाल सोलणं पुन्हा सुरू झालं. आपण काय मागितलं हे क्षमाला तेव्हा उमगलं. एक रिकामा डबा. दुपारभर अर्धपोटी राहून दिसण्यापुरता एक रिकामा डबा, आणि तोही अजिजी करून. साहेबांच्या खोलीतही तिला इतका राग आला नव्हता.

सकाळी ती उठली, तोंड धुतलं, कामाचं लुगडं नेसली. दारात काशीराम आला होता. अनंतचा डबा भरून ओट्यावर ठेवलेला होता. अनंत जोड्यांचे बंद बांधत होता. क्षमा उंबरा ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेली. फळीवरून तिने आपला डबा काढला.

"अगं!" सासूबाई किंचाळल्या. "कुठे आलीस तू? शिवू नकोस!"

ती शिवली. भाताच्या पातेल्याचं झाकण काढून तिने भात घेतला, वालाची उसळ घेतली, पोळ्यांचा डबा उघडून तीन पोळ्या घेतल्या. घाई केली नाही. डब्याच्या कड्या बसवल्या, बाहेर येऊन काशीरामच्या हातात दिला.

"सगळं विटाळलं!" सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या. "सगळा स्वयंपाक! आता मी काय गिळू? अनंता, तुझा डबा राहू दे. ओट्यावर होता, त्यालाही पदर लागला तिचा."

अनंत ओट्यावरचा डबा उचलून दारापर्यंत आला होता. तो आईकडे बघू लागला, मग क्षमाकडे.

"त्याला पदर लागला असेल," क्षमा त्याला म्हणाली, "तर तुम्ही ठरवा."

"साहेब, गाडी चुकेल," काशीराम म्हणाला.

अनंतने डबा हळूच जमिनीवर ठेवला. "आज माझा राहू दे," तो म्हणाला.

काशीरामने मान हलवली आणि एकच डबा घेऊन जिना उतरला.

रस्त्याने अनंत तिच्या मागून चालत होता. "आईसाठी ठेवला मी तो. घरात आणखी तमाशा नको म्हणून. तू समजून घे ना."

"दुपारी वैशंपायन विचारतील," ती मागे न बघता म्हणाली. "त्यांना काय सांगणार?"

त्यावर तो आणखी दोन पावलं मागे पडला. स्टेशन येईपर्यंत मागेच राहिला.

दुपारी बाकावर चार डबे होते. नंदकिशोरने ते बघितले, तिच्याकडे बघितलं आणि सुटल्यासारखा श्वास टाकून जेवायला गेला. तिची सकाळची बाटली जागच्या जागी राहिली. क्षमाने ती बाटली उचलली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"सर, आज हे कुणी पुन्हा तपासलं नाही."

"नाही ना? चला, मग—"

"कारण आज डबा आलाय. पण दिवस तेच आहेत. आज तिसरा."

सबनीस साहेबांनी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं. तिने ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

"मिसेस आगाशे, हळू."

"यापुढे डबा रोज येईल. कोणत्या दिवशी काय आहे ते तुम्हाला कळणार नाही, नंदकिशोरला कळणार नाही. तपासायचं असेल तर रोज तपासा आणि चौघांचंही तपासा, तुमचंसुद्धा. म्हणजे कुणाचं लक्ष कधी थाऱ्यावर नसतं ते खरोखर दिसेल. नाहीतर कुणाचंच नको."

"असं बोलणं तुम्हाला शोभत नाही."

"उद्या नाव वर जाईल," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिला फार जोर लावावा लागत होता. "नंदकिशोरचं द्यायचं तर द्या. मालक विचारतील, सर्वांत जुन्या बाई का नाहीत? तिथे खरं कारण लिहा. 'बाईंचा डबा आला नाही' असं लिहा. खाली सही करा."

साहेबांच्या समोर कोरा कागद होता. त्यांनी तो सरळ केला, परत तिरका केला. बाहेर कुणाच्या तरी चमच्याचा आवाज थांबला होता.

"नाव अजून गेलेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "बसा तुम्ही. बोलू आपण."

"आधी जेवून येते," क्षमा म्हणाली. "तोवर तुम्ही विचार करा."

बाकावर बसून तिने डबा उघडला. तिघे सहकारी आपापल्या डब्यात डोळे घालून बसले होते. भात गार झाला होता आणि वालाला मीठ कमी होतं. कदाचित सासूबाई घालायला विसरल्या असतील. संध्याकाळी घरी चूल पेटलेली असेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. तिने तिन्ही पोळ्या संपवल्या, भात संपवला, बोटाने उसळीचा रस पुसून घेतला आणि मग उठून पुन्हा साहेबांच्या दारात गेली.