लाल पेन्सिल

नानांनी एकतीस वर्षे नोटा पाहिल्या आणि घरी त्यांच्याविषयी एक शब्दही काढला नाही. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात माझे वडील तपासनीस होते. सकाळी रिकाम्या खिशांनी फाटकातून आत जायचे, संध्याकाळी झडती देऊन रिकाम्या खिशांनीच बाहेर यायचे. लहानपणी मला वाटे, की त्या झडतीत त्यांचे शब्दही काढून घेत असावेत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जेलरोडच्या दुकानातून एक लाल पेन्सिल विकत आणली. सकाळचे वर्तमानपत्र ते वाचत नसत, तपासत. फुटलेले अक्षर, फोटोवरून सरकलेला निळा रंग, कडेला उमटलेला शाईचा डाग, सगळ्यांवर खूण होई. खुणा दोनच, त्यांच्या स्वतःच्या: दोष कागदाचा असेल तर वर्तुळ, छापणाऱ्याचा असेल तर फुली. मग पेन्सिल सदऱ्याच्या खिशात परत जाई आणि घर पुन्हा शांत होई.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कवितांच्या चार वह्या भरल्या, आणि वयाने वर्गात सर्वांत थोरला होऊन उपयोजित कलेला प्रवेश घेतला. शेवटच्या वर्षी, म्हणजे २००१ च्या जानेवारीत, आमच्या सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: नोट.

"सर्वांत जास्त हातांतून जाणारं चित्र," सर म्हणाले. "प्रत्येकानं आपली एक नोट करायची. कुठल्याही देशाची नसलेली. मार्चमध्ये प्रदर्शन."

"सर, रोहितला वगळा," दत्तू मागच्या बाकावरून ओरडला. "त्याच्या घरचा धंदा आहे. त्याच्या उशीतसुद्धा कापूस नाही, नोटाच असतील."

वर्ग हसला. मीही हसलो, पण आतून मला ते खरेच वाटत होते. नोट ही आमच्या घरची गोष्ट होती. तिच्याविषयीचे मौन मी इतकी वर्षे जेवणाच्या ताटासमोर ऐकले होते. त्या मौनाचा वारस मी होतो. मला गुण नको होते, बक्षीस नको होते. नानांनी माझी नोट हातात घ्यावी आणि तिच्यापाशी थांबावे, एवढेच हवे होते.

प्रदर्शनाची सगळी दृश्य मांडणीही सरांनी माझ्याकडेच दिली. नाव मी सुचवले: 'हातोहात'. बोधचिन्हासाठी मी नानांचा अंगठा मागितला. त्यांनी शाईच्या पॅडवर तो टेकवला, कागदावर दाबला, आणि कशासाठी हे न विचारता हात धुवायला निघून गेले. ठसा पुसट आला होता. एकतीस वर्षे नोटांच्या शीटच्या कडा उलटून उलटून अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. मधला भाग जवळपास कोरा होता. मी तो कॉलेजच्या संगणकावर घेतला आणि हरवलेली वलये एकेक करून पुरी केली. निमंत्रणपत्रिकेवर, फलकावर, प्रवेशद्वारावरच्या कापडावर तो सुरेख दिसू लागला.

माझी नोट दहाची होती. तीनशे साठ रेषांची गोदावरी, प्रत्येक रेष दुसरीपासून समान अंतरावर, वळणावर कुठेही न तुटणारी. त्या रेषांमधली एक रेष मुळी रेष नव्हतीच. ती भिंगाखाली पाहिली तर माझ्या कवितेची एक ओळ होती, पुन्हा पुन्हा लिहिलेली: नदी आपल्याच पाण्याला ओळख दाखवीत नाही. मला वाटे, नाना अंगठा फिरवतील, थबकतील, भिंग मागतील.

आणि मग तृप्ती आमच्या घरी आली.

ती कळवणची. वर्गात फारशी बोलत नसे, वसतिगृहात राहायची, संगणकाच्या खोलीकडे फिरकायची नाही. तिने सव्वा रुपयाची नोट केली होती. "नवस बोलतात ना, सव्वा रुपया," तिने सरांना सांगितले होते. "त्याची नोटच नाय कुठं. लोक बिचारे रुपयाला चार आणे जोडत बसतात." नोटेवर भागीबाई नावाची म्हातारी होती, कळवणच्या बाजारात नाचणी विकायला बसणारी. चेहरा सगळा टाकाच्या रेषांनी, हाताने, एकाच कागदावर. अडीच महिन्यांचे काम. तिची दुसरी प्रत नव्हती.

"काका, सरांनी पाठवलं," ती दारातून म्हणाली. "चुका असतील तर सांगाल का?"

मी नानांकडे पाहिले. ते नाही म्हणतील याची मला खात्री होती. त्यांनी चष्मा पुसला, तिच्या हातातला कागद घेतला आणि खिडकीपाशी गेले. कागद किंचित वाकवला. अंगठा कडेवरून फिरला आणि थांबला.

"इथं रेघ थरथरलीय, पोरी."

"ते बाईच्या डोळ्यापाशी ना? तिचा डोळाच तसा फडफडतो काका. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की जास्त."

नाना हसले. मी हा आवाज या घरात किती वेळा ऐकला होता, ते मोजता आले असते. ते चांदवडकडचे; एरवी नोकरीतल्या माणसासारखे मोजून बोलत, पण आता त्यांच्या तोंडी गावची बोली आली. "आमच्याकडं बी एक लंकाबाई होती. तिच्या डोळ्याला भिऊन लोक सुटे पैसे सोडून जायचे."

अर्धा तास! शाई कागदावर बसते कशी, उजेड तिरपा का धरावा, बोटाला रेष आधी कळते आणि डोळ्याला नंतर, हे सगळे त्यांनी तिला सांगितले. मी चहाचे कप घेऊन उभा होतो. जे ऐकण्यासाठी मी पंचवीस वर्षे थांबलो होतो, ते मी दुसऱ्याच्या पाहुणचारात, उभ्याने ऐकत होतो. येताना ती त्यांना काका म्हणाली होती. जाताना चपला घालत म्हणाली, "येते नाना. प्रदर्शनाला तुम्हीच पाहुणे या. मी सरांना सांगते."

आणि हे मला सुचले नव्हते. माझ्या बापाला पाहुणा म्हणून बोलवावे, हे मला सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नोटेची प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली. अंगठा कडेवरून फिरला. थांबला नाही.

"ठीक," नाना म्हणाले आणि वर्तमानपत्र ओढले.

मत्सर हा शब्द मी कवितेत पुष्कळदा वापरला होता. तो धगधगतो, जाळतो, असे काहीबाही लिहिले होते. ते खोटे होते. मत्सर अतिशय थंड आणि अचूक असतो; त्याच्या हातात पट्टी असते. त्यानंतरचे दिवस मी तृप्तीच्या कागदाकडे पाहत राहिलो. भागीबाईच्या त्या थरथरत्या डोळ्यात मला काहीच सापडत नसे, आणि माझ्या बापाला तिथे काय सापडले, ते मी पुन्हा पुन्हा शोधत असे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी निरोप धाडला: छापखान्याचे गाव आहे, उगाच कुणाला शंका नको, प्रत्येक नोटेवर लाल शाईत 'नमुना' असा ठसा पाहिजेच. मांडणी माझी, म्हणून ठसाही माझा. मी ठशाची स्क्रीन, म्हणजे लाकडी फ्रेमवर ताणलेली छपाईची जाळी, तयार केली. बत्तीस कागद होते. एकतीस कागदांवर ठसा खालच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून बारा मिलिमीटर.

जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. बाहेर दत्तू कुणाला तरी द्राक्षांच्या भावावरून छळत होता. त्याचा आवाज येत होता. मी भागीबाईला टेबलावर ठेवले, पट्टी घेतली, दोन्ही डोळ्यांच्या मधून एक रेष कल्पिली, फ्रेम तिच्यावर नेमकी बसवली आणि शाई ओढली. एका ओढीत. फ्रेम उचलली तेव्हा तिथे डोळे नव्हते. लाल, सपाट, सुबक अक्षरे होती.

तृप्ती आली तेव्हा शाई वाळायची होती.

"फ्रेम सरकली गं," मी म्हणालो. "सॉरी."

ती कागदाजवळ वाकली. "पुसता येईल?"

"कागद फाटेल."

"मग असू दे," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "बाई आंधळी झाली, एवढंच." तिने कागद दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि वाळवायला नेला, जसा आपण झोपलेल्या मुलाला नेतो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नाना आले. पांढरा सदरा, खिशात पेन्सिल. कापडावरच्या बोधचिन्हापाशी थबकले.

"कुणाचा अंगठा?"

"तुमचाच, नाना."

त्यांनी स्वतःचा अंगठा उजेडात धरला, मग पुन्हा कापडाकडे पाहिले. "माझ्या अंगठ्यावर एवढ्या रेघा कुठं राहिल्यात," असे म्हणून आत गेले.

सरांनी गुच्छ दिला, तो त्यांनी लगेच दत्तूकडे सोपवला. भाषण करायला नकार दिला. मग पहिल्या नोटेपासून सुरुवात केली. आम्ही नोटा काचेत लावल्या नव्हत्या. टेबलांवर मांडल्या होत्या, हातात घेता याव्यात म्हणून. नाना एकेक उचलत, वाकवत, अंगठा फिरवत, ठेवत. सर, तृप्ती, दत्तू आणि मी मागोमाग. माझी नोट सातवी होती. तिला दोन सेकंद मिळाले.

"नाना, ही माझी." माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "थांबा ना जरा."

"थांबायला तिच्यात काय हे?" त्यांनी आश्चर्याने विचारले. टोमणा नव्हता, कौतुकच होते, मला ते आता कळते. "स्वच्छ नोट हे तुझी. एक डाग नाय. अरे, एकतीस वर्षं मी नोट कुठं पाहिली? चूक पाहिली. चूक नसली का शीट उलटायचं. चांगल्या नोटा माझ्या हाताखालून लाखांनी गेल्या, एक बी ध्यानात नाय."

दत्तू काहीतरी बोलणार होता. सरांनी त्याला कोपराने गप्प केले.

नाना पुढे गेले. बाविसाव्या नोटेपाशी अंगठा थांबला.

त्यांनी भागीबाईला उचलले आणि खिडकीपाशी नेले. कागद तिरपा धरला. पहिल्या दिवशी धरला होता, अगदी तसाच. लाल अक्षरांवरून त्यांचे बोट डावीकडून उजवीकडे गेले. मग ते परत टेबलापाशी आले, आधीच्या एकवीस नोटांचे कोपरे त्यांनी नुसत्या नजरेने मोजले.

"ठसा कुणी मारला?"

"फ्रेम सरकली नाना," तृप्ती म्हणाली. ती हे माझ्यासाठी म्हणाली, की तिला ते खरे मानायचे होते, मला माहीत नाही.

"सरकलेली छाप तिरकी येते, पोरी. नायतर दुहेरी. कडेला शाई फासते." त्यांनी कागद खाली ठेवला. "ही सरळ हे. दोन्ही डोळ्यांवर सारखी. ही मोजून लावलीय."

पंखा फिरत होता आणि बत्तीस कागदांचे कोपरे एकामागून एक उचलत होता. तृप्ती माझ्याकडे वळली.

"मोजलंस?"

मी होकाराची मान हलवली.

"पट्टीनं?"

"हो."

"का रे?" आणि उत्तराची वाट न पाहता ती नानांना म्हणाली, "ह्याला विचारा. अडीच महिने काढले मी. सुट्टीत बाईसमोर बाजारात बसायचे. ती म्हणायची, नाचणी घे, नायतर ऊठ."

मला वाटले नाना माझ्यावर हात उचलतील. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली. कागदाच्या कडेशी, मोकळ्या जागेत, ते तिचे टोक टेकवणार तोच थांबले. पेन्सिल उलटी करून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"खूण तू कर."

"नाना..."

"वर्तुळ का फुली, तुला ठावं हे. छापणारा तू."

आमच्याभोवती आता बरीच माणसे जमली होती. पहिल्या वर्षाची मुले, कुणाचे पालक, प्राचार्य दारात. मी पेन्सिल घेतली. माझ्या नोटेतल्या तीनशे साठ रेषांपैकी एकही मी हाताने काढली नव्हती, हे मला त्या क्षणी आठवले. टोक कागदाला टेकवले. पहिली रेघ वरून खाली येताना दोनदा वाकली. दुसरी तिला जिथे छेदायला हवी होती तिथे छेदलीच नाही, घसरून पुढे गेली.

"मोठी काढ," तृप्ती म्हणाली. "बाईला दिसत नाय आता."

मी तीच फुली पुन्हा गिरवली. मोठी झाली, आणखी वाकडी झाली. तिच्याखाली मी माझे नाव लिहिले.

तृप्तीने कागद माझ्या हातून काढून घेतला नाही. ती बाजूला झाली, पाठ वळवून खिडकीशी उभी राहिली. तिला मी काय म्हणालो ते आठवत नाही. काहीही म्हटले असले तरी ते अपुरे होते, आणि तिने मान वळवली नाही.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. सरांकडे हात करून भिंग मागितले. ते हातांच्या कोपरांवर टेकून टेबलावर वाकले आणि कागदाच्या कडेवरची ती लाल, तुटकी, हाताने काढलेली फुली पाहू लागले. अंगठा तिच्यावरून सावकाश गेला, थांबला, मागे आला.

त्यांच्या मागे लोक ताटकळले होते. ते उठले नाहीत. माझ्या हातचे काही ते इतका वेळ पाहत होते, असे त्यापूर्वी कधीच झाले नव्हते.